‘तूट’ या शब्दाचा विचार

वांगणीसारख्या गावातील औषधालयाच्या साठावहीत माल कमी भरला की सर्रास ‘तूट’ लिहिली जाते. हा शब्द संस्कृत ‘त्रुट्’ धातूपासून, प्राकृत ‘तुट्ट’ या रूपाद्वारे आला. त्यात मोडण्याचा, विच्छेदाचा भाव आहे. ‘ऊन’पासून झालेले ‘उणे’ मात्र केवळ कमीपणा सांगते.

वनस्पती वाळून वजन उतरते, ती ‘घट’. तेथे पाणी जाते, द्रव्य हरवत नाही. (पावसाळ्यात दमटपणाने वजन वाढते, तो भाग निराळा!) ओले द्रव्य कोरड्याच्या दुप्पट घेण्याचा शार्ङ्गधरोक्त नियम आपण जाणतोच, गुळवेल, अडुळसा, शतावरी हे त्यातील अपवाद.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या १७व्या अध्यायात १८ क्षय पृथक् सांगितले आहेत. आपल्या वहीत मात्र घटीलाही ‘तूट’ म्हटल्याने चोरी वा चुकीचे माप तिच्याआड दडून राहते. यास्तव घट आणि तूट यांचे रकाने वेगळे ठेवावेत, असे आम्हांस वाटते.