गोठणारे पाणी आणि बोगद्याचे आयुष्य

केशोरीच्या परिसरात पाणी म्हटले की धानाच्या बांध्या, बोड्या आणि इटियाडोहचा जलाशय डोळ्यांसमोर येतो. येथे पाणी मुरते, वाहते अथवा त्याची वाफ होते. हिमप्रदेशात मात्र हेच पाणी गोठून बोगद्याच्या भिंती फोडते. ही प्रक्रिया विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगी आहे.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काठोकाठ भरलेली बाटली फ्रीझरमध्ये फुगते, त्याचे कारण हेच. डोंगरातून झिरपणारे पाणी खडक आणि बोगद्याचे काँक्रीटचे अस्तर यांच्यामध्ये साचते. ते गोठले की अस्तरावर दाब येऊन तडे जातात. बर्फ वितळताच त्या तड्यांत अधिक पाणी शिरते आणि पुन्हा गोठते. शिवाय, गोठणाऱ्या थराकडे भोवतालच्या मातीतील ओलावा ओढला जातो. त्यामुळे बर्फाचे थर जाड होऊन रस्ता वर उचलला जातो. छतावरून बर्फाचे सुळे लोंबतात, रस्ता निसरडा होतो. थंड हवा दोन्ही तोंडांतून आत शिरते, म्हणून हानी बहुधा तेथेच अधिक होते.

यावरील उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला, पाणी साचू न देता चरांवाटे बाहेर काढणे. हे चर गोठण थराच्या खाली खोल घ्यावे लागतात. दुसरा, थंडी पाण्यापर्यंत पोहोचू न देणे. नॉर्वेतील अनेक बोगद्यांत यासाठी पॉलिइथिलीन फोमचे आवरण वापरले आहे.

आपल्या शेजारच्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतील कुटुंबांचे मूळ ज्या पठारावर आहे, तेथे प्रश्न उलटाही होतो. त्या पठारावरील फेंगहुओशान हा १,३३८ मीटर लांबीचा रेल्वे बोगदा ४,९०५ मीटर उंचीवर, बारमाही गोठलेल्या जमिनीत आहे. तेथे ती जमीन वितळली, तर तिचा आधारच खचेल. म्हणून तिची थंडी जपावी लागते.

या ज्ञानाचे मोल माणसांच्या जीवनात मोजावे लागते. रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की लाहौल खोऱ्याचा रस्ता वर्षातील सुमारे सहा महिने तुटत असे. आजारी माणसाला खोऱ्याबाहेर नेणे अत्यंत कठीण होई. सीमा रस्ते संघटनेने बांधलेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याच्या खोदकामात सेरी नाल्याखालील भागात पाण्याच्या प्रचंड प्रवाहाने काम अनेक वर्षे रेंगाळले होते.

डोंगर फोडण्याचे काम एकदाच होते. पाण्याला वाट मोकळी ठेवण्याचे काम दर हिवाळ्यापूर्वी करावे लागते. उद्या आपल्यापैकी कोणी अभियंता वा कामगार म्हणून अशा बोगद्यात उभा राहिला, तर त्याने प्रथम तेथील चर पाहावेत. त्या न दिसणाऱ्या चरांवरच प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून असते.