जुनी गाडी नवी करायला नव्या गाडीपेक्षा जास्त खर्च का येतो?



गुणाकाराची शाब्दिक उदाहरणं घेताना मी यंदा फळ्यावर एक प्रश्न लिहिला. 1961 साली इंग्लंडमध्ये एक स्पोर्ट्स कार दोन हजार पौंडांच्या थोडं वर किमतीला मिळायची. 2017 साली तिच्याच कंपनीने त्या जुन्या गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या करून विकायला काढल्या. किंमत सांगितली 2,85,000 पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वादोन कोटी रुपयांच्या वर. असं का?

"बाई, महागाई!" असा एकच गलका झाला. उत्तर चूक नाही, पण पुरतं नाही. महागाई धरली तर 1961 चे ते पैसे 2017 मध्ये साधारण चाळीस-पंचेचाळीस हजार पौंड होतात. त्यात जुन्या गाडीची स्वतःची किंमत मिळवली, तरी बरीच मोठी रक्कम उरते. ती जाते कुठे, हाच आजचा पाठ.

गाडीचं नाव जॅग्वार ई-टाइप. मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. 1974 पर्यंत अशा बहात्तर हजारांहून जास्त गाड्या कॉव्हेंट्री शहरात तयार झाल्या. (ही कंपनी 2008 मध्ये आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतली, हे सांगितलं की मुलं सावरून बसतात.) तिचा आकार ठरवणारे माल्कम सेयर आधी विमानाच्या कारखान्यात काम करायचे. गाडीचे बाक ते नुसत्या नजरेने काढत नसत, आकडेमोड करून मांडत. गणिताच्या तासाला हे आवर्जून सांगा.

आता मुद्द्याकडे येऊ. कारखान्यात एक पत्रा साच्यात दाबला की काही सेकंदांत दरवाजा तयार होतो. साचा महाग असतो, पण तो खर्च हजारो दरवाज्यांवर वाटला जातो. जुनी गाडी दुरुस्तीला येते तेव्हा ती एकटीच येते. तिचा गंज तिचाच, तिचा जुना अपघात तिचाच. एका गाडीवर शिकलेलं दुसरीवर जसंच्या तसं चालत नाही.

पहिलं काम म्हणजे गाडी पूर्ण खोलणं. प्रत्येक नट, वायर, काच काढायची, फोटो घ्यायचा, पिशवीत घालून नाव लिहायचं. मग रंग उतरवायचा. खरा खर्च इथे कळतो, कारण गंज रंगाखाली लपलेला असतो. ई-टाइपला वेगळी जाड लोखंडी चेसिस नाही. तळ, दरवाज्याखालच्या पोकळ पट्ट्या आणि मागचा भाग हे सगळं पातळ पत्र्याचं एकत्र जोडलेलं खोकं असतं, आणि पुढे इंजिन धरायला नळ्यांचा सांगाडा बोल्टांनी बसवलेला असतो. या पट्ट्या आणि नळ्या आतून गंजतात, बाहेरून छान दिसतात. म्हणून गाडी खोलण्याआधीच जो ठाम आकडा सांगतो त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

गंजलेली पट्टी कापून नवी लावायची, हे ऐकायला सोपं वाटतं. पण पट्टी कापली की खोक्याचा आधार जातो आणि ते मधून खचतं. उघड्या टपाच्या गाडीत तर जास्तच, वर छपराचाही आधार नसतो. खचलेल्या अवस्थेत वेल्डिंग झालं, तर पुढे दरवाजा कधीच नीट लागत नाही. म्हणून आधी आत लोखंडी टेकू जोडून खोकं ताठ करतात, मग एका वेळी एकच बाजू कापतात, आणि पक्कं वेल्डिंग करण्याआधी दरवाजा लावून फट बघतात. बाजारात नवे तयार पत्रेही मिळतात, पण ते आणले आणि बसवले असं होत नाही. ठोकून, कापून, घासून त्या एका गाडीला जुळवावे लागतात.

पत्र्याच्या कामाची हत्यारं साधी आहेत. बाहेरून हातोडी आणि आतून डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा. मोठा गोलवा आणायचा असेल तर इंग्लिश व्हील नावाचं यंत्र. वर मोठं सपाट चाक, खाली थोडं फुगीर चाक, आणि मधून पत्रा पुन्हा पुन्हा सरकवायचा. दाब पडतो तिथे पत्रा किंचित पातळ होऊन पसरतो. मधला भाग पसरला आणि कडा तशाच राहिल्या, की मध्ये फुगवटा येतो. मुलांना पोळीचं उदाहरण द्या. मध्येच लाटणं फिरवत राहिलं तर पोळीला पोट येतं, तेच हे. पसरवणं त्यातल्या त्यात सोपं असतं. जास्त पसरलेला पत्रा पुन्हा आवळून आणणं हे खरं कौशल्य, आणि ते हाताला कळायला वर्षं जातात.

हे सांगताना वर्गातला एक मुलगा एकदम म्हणाला, "डॉली आमच्या बाबांकडे पण आहे." त्याचे वडील गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करतात. वर्षाच्या सुरुवातीला पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात त्याने 'नोकरी' असं लिहिलं होतं. मी तेव्हा काही विचारलं नव्हतं, तो रकाना आपण किती सहज भरून घेतो. दुसऱ्या दिवशी तो डॉली घेऊन आला. ती वर्गात हातोहात फिरली. इतकी जड असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

आता शिशाची गोष्ट, या पाठातली माझी सगळ्यात आवडती. ई-टाइपच्या पत्र्यांचे जोड कारखान्यातच शिसं भरून गुळगुळीत केलेले होते. म्हणून चांगले कारागीर काही जागी आजही पुट्टी न लावता शिसंच वापरतात. आधी पत्रा स्वच्छ करून त्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा. म्हणजे कल्हईच की! आपल्याकडे कल्हईवाला भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवून पुसायचा, तत्त्व तेच. त्यानंतर शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाची कांडी ज्योतीवर मऊ करतात. 70 भाग शिसं आणि 30 भाग कथील असेल, तर ते मिश्रण साधारण 183 अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं आणि 255 अंशांच्या आसपास पूर्ण पातळ होतं. या दोहोंच्या मधल्या अवस्थेत ते लोण्यासारखं पसरतं. तेवढ्याच वेळात चरबी किंवा मेण लावलेल्या लाकडी थापीने आकार द्यायचा. उष्णता कमी पडली तर चिकटणार नाही, जास्त झाली तर खाली टपकेल आणि पत्राही वाकेल. मग कानशीने घासायचं. पॉलिशपेपरने कोरडं घासत नाहीत, कारण शिशाची धूळ विषारी असते. हा प्रयोग शाळेत करू नका, कल्हईचा व्हिडिओ दाखवलात तरी पुरे.

यानंतरची पायरी मुलांना विचित्र वाटते. रंग देण्याआधी गाडी एकदा जवळजवळ पूर्ण जोडतात. दरवाजे, काचा, दिवे आणि पुढचं ते प्रचंड एकसंध बॉनेट लावून सगळ्या फटी सारख्या येतात का ते पाहतात. मग पुन्हा सगळं खोलतात आणि रंगाला पाठवतात. "मग दोनदा जोडायचं?" हो, दोनदा. रंग दिल्यावर घासाघीस करता येत नाही ना. प्रायमर, घासणं, रंग, पुन्हा घासणं, यात आठवडे जातात. इंजिन, क्रोम, चामड्याच्या सीट हे वेगळे कारागीर करतात, त्यांचं वर्णन इथे करत नाही.

आता हिशेब. उदाहरणासाठी धरू की एका गाडीला 2,000 तास लागले आणि तासाचा दर 60 पौंड आहे. मजुरीच झाली 1,20,000 पौंड, सुटे भाग वेगळे. रोज 8 तास धरले तर 2,000 तास म्हणजे एका माणसाचे 250 दिवस. सुट्ट्या वगळल्या तर जवळपास एक वर्ष एक माणूस एकाच गाडीवर! हे उमगलं की किमतीचं कोडं सुटायला लागतं.

याहून टोकाचं खरं उदाहरणही आहे. शर्यतीसाठी ॲल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइप बनल्या होत्या, फक्त बारा. त्यातली एक 1964 मध्ये पॅरिसजवळच्या मोंलेरीच्या शर्यतीत चक्काचूर झाली आणि तिच्या चालकाचा मृत्यू झाला. अनेक दशकांनी इंग्लंडमधल्या कारागिरांनी ती पुन्हा उभी केली, सात हजारांहून जास्त तास खर्चून. मुलांना 7,000 ला 8 ने भागायला सांगा. 875 दिवस येतात. वर्षाचे कामाचे 300 दिवस धरले तर जवळपास तीन वर्षं.

नवे पत्रे घडवले असते तर काम लवकर झालं असतं. पण त्यांनी चुरगळलेले मूळ पत्रेच शक्य तितके सरळ करून वापरले. कारण सगळंच बदललं तर ती तीच गाडी कशी? यावर वर्गात चर्चा फार रंगते. मी गोधडीचं उदाहरण दिलं. आजीच्या गोधडीला दरवर्षी नवं ठिगळ लागतं, तरी ती आजीचीच. "पण सगळी ठिगळंच झाली तर?" असं एका मुलीने विचारलं, आणि माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात चेसिस, इंजिन आणि गिअरबॉक्सचे नंबर कारखान्याच्या जुन्या नोंदींशी जुळतात का, हे पाहतात. जुळले तर किंमत वाढते. माझ्या मते ती व्यवहाराची सोय झाली, प्रश्नाचं उत्तर नव्हे.

गृहपाठ असा दिला होता: घरातली किंवा ओळखीतली हाताने केलेली एक वस्तू निवडा, तिला किती तास लागले ते विचारा आणि तासाला किती पैसे पडले ते काढा. विणलेला स्वेटर, बांबूची टोपली, शिवलेला ब्लाउज असं बरंच आलं. काही उत्तरं तासाला दहा-पंधरा रुपयांवर गेली तेव्हा वर्ग जरा गप्प झाला. डॉलीवाल्या मुलाने एका मडगार्डचा हिशेब आणला होता, वडिलांच्या अक्षरात. खाली शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "बाईंच्या गणितात प्रायमर वाळायचे दिवस धरलेले नाहीत."