लग्नाचे छायाचित्रण : पैशाचा व्यवहार आणि करार

तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रात लग्नसराईची चाहूल लागते. कार्तिकापासून आषाढापर्यंतचे मोजके मुहूर्त हेच मंडपवाला, आचारी आणि वाजंत्री यांच्याप्रमाणे छायाचित्रकाराच्याही वर्षाच्या मिळकतीचे दिवस होत. चातुर्मासात काम जवळजवळ थांबते. कॅमेऱ्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

तालुक्याच्या गावी आज अनेक तरुण या व्यवसायात उतरत आहेत. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत, तर 'किशोर' गटात ५ लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय असल्याने साधनसामग्रीचा प्रश्न काहीसा सुलभ झाला आहे. कॅमेरा हाताळण्याचे शिक्षण या तरुणांना मिळते. पैसे ठरविण्याचे आणि वसूल करण्याचे शिक्षण मात्र सहसा कोणी देत नाही. परिणामी उत्तम काम करूनही पहिल्या एकदोन हंगामांत अनेकांचे पैसे अडकतात व हप्ते थकतात.

व्यवसायाचे वेगळेपण

दुकानातून घेतलेली वस्तू सदोष निघाली तर बदलून देता येते. अंतरपाट दूर होऊन अक्षता पडल्या की तो क्षण मात्र पुन्हा येत नाही. छायाचित्रकार आला नाही तर कुटुंबाचे नुकसान भरून निघणारे नसते. उलटपक्षी, मुहूर्ताच्या आठ दिवस आधी काम रद्द झाले तर छायाचित्रकाराला त्या तारखेचे दुसरे काम मिळत नाही. दोन्ही बाजूंची जोखीम एकाच तारखेला बांधलेली असल्यामुळे सर्व अटी त्या तारखेच्या आधीच स्पष्ट होणे आवश्यक ठरते.

ग्राहक नेमका कोण?

आपल्याकडे लग्न ठरविताना खर्चाची वाटणी दोन घरांत होते. काम सांगायला मुलीचे मामा येतात, अल्बम कसा हवा ते मुलाची बहीण सांगते आणि पैशाचा विषय निघाला की 'तो खर्च त्यांच्याकडे' असे दोन्हीकडून ऐकू येते. पाठवणी झाल्यावर मानपानावरून रुसवेफुगवे झाले, तर छायाचित्रकाराचे बिल दोन घरांच्या मध्ये लोंबकळत राहते. म्हणून ज्या व्यक्तीची सही करारावर आहे तीच पैसे देण्यास जबाबदार, हे प्रारंभीच सांगावे. दोन्ही पक्ष खर्च वाटून घेणार असतील तर दोघांच्या सह्या घेऊन प्रत्येकाचा हिस्सा लिहावा.

काम स्वीकारताना वधूचे वय १८ वर्षे व वराचे वय २१ वर्षे पूर्ण आहे ना, याची खातरजमाही करावी. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ अन्वये बालविवाहास साहाय्य करणे हा गुन्हा आहे. अशा कामाची बोलणी कायद्यापुढे टिकत नाहीत, मग त्याचे पैसे मागणे दूरच राहिले.

करारात काय असावे?

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही वैध असतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. 'तुम्ही ड्रोनचे चित्रण देणार होता' आणि 'ते वेगळे होते' या वादात साक्षीला कोणी उभे राहत नाही. करार एक-दोन पानांचा आणि मराठीत असला तरी पुरतो. त्यात पुढील बाबी असाव्यात :

१. दोन्ही पक्षांची नावे, पत्ते व सह्या.
२. कार्यक्रमांची तारीख, वेळ व स्थळ. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न आणि स्वागतसमारंभ यांपैकी कोणते कामात धरले आहेत ते प्रत्येकाच्या नावानिशी.
३. किती छायाचित्रकार येणार, किती तास थांबणार आणि जादा तासाचा दर.
४. काय द्यायचे : अल्बमची पाने, छायाचित्रांची संख्या, चित्रफितीची लांबी आणि देण्याची मुदत.
५. अल्बमसाठी छायाचित्रे निवडून देण्याची ग्राहकाची मुदत. अल्बमला उशीर होण्याचे हे एक नेहमीचे कारण असते.
६. एकूण रक्कम व तिचे टप्पे. प्रवास व मुक्कामाचा खर्च कोणाकडे.
७. छायाचित्रकार आजारी पडल्यास पर्यायी व्यवस्था.
८. काम रद्द झाल्यास किंवा तारीख बदलल्यास काय करावयाचे.

साधारण करारनाम्यास महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये मुद्रांक शुल्क लागते. मुद्रांक नसलेला दस्त शुल्क व दंड भरल्याविना पुराव्यात घेतला जात नाही, हे ध्यानात ठेवावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०-क नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. म्हणून फोनवर बोलणी झाल्यावर ठरलेल्या गोष्टींचा संदेश पाठवून 'मान्य आहे' असे उत्तर घेण्याची सवय उपयोगी पडते.

पैशाचे टप्पे

समजा, ६० हजार रुपयांचे काम ठरले. तारीख निश्चित करताना १८ हजार रुपये विसार, हळदीच्या दिवसापर्यंत ३० हजार आणि अल्बम हाती देताना उरलेले १२ हजार, अशी विभागणी दोन्ही पक्षांना न्याय्य ठरते. विसारामुळे तारीख पक्की होते. दुसऱ्या हप्त्यातून साहाय्यकाची मजुरी, गाडीभाडे आणि पुढे अल्बमची छपाई भागते. शेवटचा पाचवा हिस्सा ग्राहकाकडे राहिल्याने काम वेळेवर पुरे होईल याची त्यालाही हमी राहते. तो हिस्सा काही महिने अडकला तरी छायाचित्रकारावर कर्ज काढून छपाई करण्याची पाळी येत नाही. याउलट 'लग्न होऊ द्या, मग बघू' या बोलीवर काम घेणारा स्वतःच्या पैशाने दुसऱ्याचे लग्न साजरे करीत असतो.

प्रत्येक रकमेची क्रमांकित पावती द्यावी. ५ हजार रुपयांहून अधिक रोख घेतल्यास पावतीवर १ रुपयाचे महसुली तिकीट लावून सही करावी. एकाच समारंभासंबंधी एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. हप्ते पाडून घेतले तरी ती मनाई टळत नाही. व्यवसायाचे बँक खाते घरखर्चापासून वेगळे ठेवावे व यूपीआयने येणारी रक्कम त्याच खात्यात घ्यावी. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यास वस्तू व सेवा कर नोंदणी करावी लागते. नोंदणी नसताना हा कर बिलात लावता येत नाही.

लग्न लांबले किंवा मोडले तर

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ऐन लग्नसराईतील मुहूर्त कोलमडले. मे महिन्यात परवानगी मिळाली ती ५० जणांच्या उपस्थितीपुरती. त्या वेळी घेतलेला विसार परत करावयाचा की पुढील तारखेसाठी धरावयाचा, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. करार पार पाडणे अशक्य किंवा बेकायदेशीर झाल्यास तो रद्दबातल होतो (कलम ५६) आणि त्याखाली घेतलेला लाभ परत करावा लागतो (कलम ६५), असे संविदा अधिनियम सांगतो. आपल्या हाताबाहेरील कारणाने तारीख बदलल्यास विसार नव्या तारखेस लागू राहील, अशी अट आधीच घातल्यास वाद टळतो.

ग्राहकाने स्वेच्छेने काम रद्द केल्यास प्रश्न वेगळा. 'विसार कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' एवढे लिहून भागत नाही. करारात भरपाईची रक्कम नमूद असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मान्य करते (कलम ७४). म्हणून रद्द करण्याचे दिवस व कपात यांचा मेळ घालावा. तीन महिने आधी कळविल्यास अल्प कपात, पंधरा दिवसांच्या आत कळविल्यास पूर्ण विसार, अशी चढती श्रेणी समर्थनीय ठरते.

छायाचित्रांवर हक्क कोणाचा?

आपण काढलेले छायाचित्र आपल्या मालकीचे, असा बहुतेकांचा समज असतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, विरुद्ध करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो. स्टुडिओच्या दर्शनी काचेत किंवा समाजमाध्यमांवर वधूवरांचे छायाचित्र लावावयाचे असल्यास तशी लेखी संमती करारातच घ्यावी. घरच्यांनी नको म्हटल्यास आग्रह धरू नये.

तंटा उद्भवल्यास

सेवेत उणीव राहिली तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहकास दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क पडत नाही. छायाचित्रकाराला थकलेल्या पैशासाठी तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन लोकअदालतीत तडजोड करणे अधिक सोयीचे होय. तेथे न्यायालयीन शुल्क लागत नाही आणि झालेला निवाडा अंतिम असतो. अखेरचा हप्ता मिळाल्यावर अल्बम देण्याची अट करारात नसताना छायाचित्रे अडवून धरणे मात्र टाळावे; त्यामुळे न्याय्य मागणी असलेला मनुष्यच दोषी ठरण्याचा संभव असतो.

ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे अनेक तरुणांना संकोचाचे वाटते. ग्रामीण भागात तर पहिली कामे भावकीत व शेजारीच मिळतात. परंतु पैशावरून ओळख तुटते ती बहुधा बोलणी संदिग्ध राहिल्यामुळे. पहिल्याच कामापासून सर्वांना एकच छापील नमुना दिला, तर अविश्वासाचा प्रश्न उरत नाही. ती त्या दुकानाची रीत ठरते. मग लग्नघरी छायाचित्रकाराचे लक्ष पैशाच्या काळजीत न अडकता जेथे असावे तेथे, म्हणजे बोहल्यावर, राहते.