शेजारच्या टॉवरला हरकत घेता येते का?

प्रश्न : आमच्या सोसायटीशेजारी पुण्यात उंच इमारत येत आहे. पाणी, वाहतूक यांचे काय होणार? महापालिका रहिवाशांचे म्हणणे ऐकते का?

उत्तर : ऐकायलाच हवे, असे बंधन बांधकाम परवानगीच्या टप्प्यावर कायद्यात नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 नुसार प्रस्ताव आला की अधिकारी तो विकास योजनेशी आणि नियमावलीशी ताडून पाहतात. 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. अर्थात, आराखडा नियमांत बसत असेल तरच. त्यामुळे दोनशे सह्यांच्या निवेदनापेक्षा एक नेमका नियमभंग अधिक वजनदार ठरतो. 2020 च्या एकत्रित नियमावलीत चटईक्षेत्र रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे. म्हणून रस्ता कागदावर किती आणि जागेवर किती, हे आधी मोजा. सामासिक अंतरे, अग्निशमन दलाचा दाखला आणि मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागवा.

यावर कोणी म्हणेल, ही तर लोकशाहीची थट्टा झाली. मला तसे वाटत नाही. प्रत्येक परवानगी शेजाऱ्यांच्या मर्जीवर ठेवली, तर शहरात नव्याने येणाऱ्याला घर मिळणे अवघड होईल. लोकांनी बोलण्याची खरी जागा आधीची, प्रारूप विकास योजनेवरील हरकती-सूचनांची असते. तेव्हा मात्र सभागृहे रिकामी असतात. पाण्याची तुमची तक्रार रास्त आहे, पण ती एका बिल्डरविरुद्ध न मांडता पाणीपुरवठा विभागाकडे, क्षमतेचे आकडे मागून मांडा.