वेग वाढविलेल्या संगणकाचा ताळा कसा जुळवावा?

बँकेच्या सेवेत रुजू झाल्यानंतर पहिल्याच महिन्यात आमच्या वरिष्ठांनी एक गोष्ट शिकविली होती. दिवसअखेरीस रोकड जुळली नाही, तर सर्व व्हाउचर एकदम विस्कटून बसू नये. जेथपर्यंत आकडे निश्चित बरोबर होते तो टप्पा प्रथम शोधावा आणि तेथून एकेक नोंद तपासत पुढे यावे. ही शिकवण घरच्या संगणकालाही तंतोतंत लागू पडते, हे मात्र मला २०२४ च्या मे महिन्यात उमगले.

त्या वेळी माझी नेमणूक इंदूर येथे होती आणि आमच्या निवासी संस्थेचे खजिनदारपद माझ्याकडे होते. वार्षिक हिशेबाची फाइल घरच्या संगणकावर होती. जानेवारीत सुटीला आलेल्या भाच्याने खेळ अधिक वेगाने चालावेत म्हणून त्या संगणकाचे ओव्हरक्लॉकिंग केले. थंडीचे दिवस सुरळीत गेले. एप्रिलअखेर पारा चाळिशी ओलांडू लागला तसा संगणक मधूनच निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. आणि सर्वसाधारण सभेच्या तीन दिवस आधी हिशेबाची फाइल ‘खराब झाली आहे’ असा संदेश देऊन उघडेनाशी झाली. पेन ड्राइव्हवरील प्रत लावली, तीही उघडेना. सभेच्या तोंडावर खजिनदाराने ‘फाइल उघडत नाही’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल, हे वाचकांस सांगावयास नकोच.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

संगणकाचा प्रोसेसर एका ठोक्याच्या तालावर काम करतो. मूळ ठोका आणि गुणक यांच्या गुणाकारातून त्याचा वेग ठरतो. उदाहरणार्थ, १०० मेगाहर्ट्झचा ठोका आणि ४० चा गुणक म्हणजे ४ गिगाहर्ट्झ. उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे हा वेग नेणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा प्रोसेसर याबाबत विशेष गाजला. त्याचा ठोका ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केला, की ४.५ च्या गुणकामुळे ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालू लागे. थोड्या पैशांत महाग प्रोसेसरचे काम होत असल्याने हौशी मंडळींना त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते.

परंतु वाणिज्य शाखेचा विद्यार्थी लाभाबरोबर खर्चही पाहतो. वेग वाढविला की प्रोसेसर स्थिर राहावा म्हणून बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. प्रोसेसर चालताना खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढतेच, शिवाय ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग ४ वरून ४.४ गिगाहर्ट्झ केला आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले. वेगात वाढ १० टक्के, परंतु १.१० गुणिले १.२६६ या हिशेबाने विजेत आणि पर्यायाने उष्णतेत वाढ सुमारे ३९ टक्के. दहा टक्के उत्पन्नासाठी एकोणचाळीस टक्के खर्च करणारा कर्जदार समोर आला, तर आपण त्याला चार प्रश्न अवश्य विचारू.

बंद पडणे हा खरा धोका नव्हे

अस्थिर संगणक अचानक बंद पडतो, आपोआप पुन्हा सुरू होतो किंवा गोठतो. ही लक्षणे निदान डोळ्यांना दिसतात. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीचा आहे. मेमरीतील एखादा शून्य एकाच्या जागी वाचला गेला, तरी संगणक काम करीतच राहतो आणि ती चूक निमूटपणे फाइलमध्ये उतरते.

माझ्या बाबतीत चूक उघडकीस आली ती फाइलच्या रचनेमुळे. सध्याच्या एक्सेल फाइली प्रत्यक्षात दाबून बांधलेल्या गठ्ठ्यासारख्या असतात आणि त्यांतील प्रत्येक भागासोबत पडताळणीचा एक अंक नोंदविलेला असतो. आपल्या डेबिट कार्डाच्या क्रमांकातील शेवटचा अंक जसा आधीच्या अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो, तशीच ही योजना. गठ्ठ्यातील मजकूर आणि अंक जुळले नाहीत, की फाइल उघडण्यास नकार मिळतो. साध्या मजकुराच्या फाइलींना किंवा छायाचित्रांना असा पहारेकरी असतोच असे नाही.

पेन ड्राइव्हवरील प्रत का उपयोगी पडली नाही, हेही यावरून ध्यानात येईल. ती प्रत मी एप्रिलमध्ये त्याच आजारी संगणकावरून घेतली होती. चुकलेल्या खतावणीची नक्कल कितीही सुवाच्य काढली, तरी ती चुकलेलीच राहते.

निदानाचा क्रम

भाच्याला दूरध्वनी केला तेव्हा तो म्हणाला, “मामा, प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडत असेल, अजून थोडं वाढवून बघा.” त्याप्रमाणे वाढविले. उष्णता वाढली आणि संगणक पूर्वीपेक्षा लवकर बंद पडू लागला. अंदाजाने दुरुस्ती करणे म्हणजे फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून मोकळे होणे. शेवटी मी रोकड जुळविण्याचीच पद्धत अवलंबिली. ती क्रमवार देत आहे.

१. लेखन थांबवावे. अस्थिरता लक्षात येताच महत्त्वाचे काम, फाइलींची प्रत काढणे आणि नवीन प्रणाली बसविणे हे सर्व थांबवावे. जुन्या चांगल्या प्रतींवर नव्या प्रती चढवू नयेत.

२. ज्ञात स्थितीकडे परतावे. बायोसमध्ये जाऊन सर्व पडद्यांची छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत आणि नंतर मूळ मूल्ये पुन्हा लागू करावीत. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची पुनर्प्राप्ती किल्ली आधी लिहून ठेवावी. बायोसमधील बदलानंतर ती मागितली जाऊ शकते. संगणक बायोसपर्यंतही पोहोचत नसेल, तर मुख्य वीजपुरवठा तोडून मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखविल्याप्रमाणे सीमॉस पुसावे. बहुतेक बोर्डांवर त्यासाठी जम्पर असतो किंवा नाण्याच्या आकाराची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवता येते.

३. या स्थितीत परीक्षा घ्यावी. मूळ वेगावर संगणक नीट चालला, तर दोष वाढविलेल्या वेगात आहे. तरीही बंद पडत असेल, तर दोष उष्णता, मेमरी, वीजपुरवठा किंवा डिस्क यांपैकी कशात तरी आहे. ही एक पायरी गाळल्यामुळे अनेकांचे दिवसच्या दिवस वाया जातात.

४. उष्णता पाहावी. पंख्यांवरील व उष्णताशोषकावरील धूळ काढावी. जुनी वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. आधुनिक डेस्कटॉप प्रोसेसर साधारणतः ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात. त्या मर्यादेजवळ सतत राहणारा संगणक शीतकरणाची तक्रार करीत आहे असे समजावे. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले, की आतील तापमानही जवळपास तितकेच चढते. जानेवारीत यशस्वी ठरलेली मूल्ये मे महिन्यात अपयशी ठरतात ती यामुळेच.

५. मेमरी तपासावी. ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ हा निःशुल्क प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून सुरू होतो आणि विंडोजच्या बाहेर राहून मेमरीत आकडे लिहून परत वाचतो. येथे उत्तीर्ण होण्यासाठी पस्तीस गुण पुरत नाहीत. एकही चूक चालत नाही. चूक आढळल्यास एका वेळी एकच मेमरी पट्टी लावून परीक्षा घ्यावी. बायोसमधील ‘एक्सएमपी’ ही वेगवान मेमरीची तयार योजना हासुद्धा ओव्हरक्लॉकिंगचाच प्रकार आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

६. वीजपुरवठा पाहावा. एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या वाहिनीला ५ टक्के कमीअधिक, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट, इतकी मुभा असते. भार पडताच व्होल्टेज याखाली घसरत असेल, तर एसएमपीएस बदलावा. तो घरी उघडू मात्र नये. वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक असू शकतो.

७. प्रोसेसरची परीक्षा घ्यावी. ‘प्राइम ९५’ हा प्रोग्राम मर्सेन मूळसंख्या शोधण्याच्या, १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका सामूहिक उपक्रमातून आला. त्याच्या चाचणीत ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते प्रोसेसरला घातली जातात. उत्तर चुकले की चाचणी थांबते. ही चाचणी सुरू असताना तापमानाकडे लक्ष ठेवावे आणि ती दिवसाच्या सर्वांत उष्ण प्रहरी घ्यावी.

८. एका वेळी एकच बदल करावा. प्रत्येक बदल, त्याची तारीख आणि परिणाम वहीत लिहावा. दोन बदल एकदम केले, तर कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही.

आमच्या संगणकाचा निकाल

मूळ मूल्ये लागू करताच संगणक दोन दिवस अखंड चालला. म्हणजे यंत्र निर्दोष होते. नंतर केवळ प्रोसेसरचा वेग वाढविला, व्होल्टेज भाच्याने जानेवारीत ठेवले होते तेवढेच. दुपारभर चाचणी चालली, एकही चूक नाही. तो पुन्हा मूळ वेगावर आणून केवळ मेमरीचा वेग वाढविला आणि पाऊण तासात मेमटेस्टच्या पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. आम्ही ज्याच्यावर संशय घेऊन व्होल्टेज चढवीत होतो तो प्रोसेसर निरपराध होता. भाच्याला वहीतील नोंदींचे छायाचित्र पाठविले, तेव्हा त्यानेही ते मोकळेपणाने मान्य केले.

येथे एक फरक सांगितला पाहिजे. सर्व्हरमध्ये साधारणतः ईसीसी प्रकारची मेमरी वापरतात. ती एका बिटची चूक स्वतः ओळखून दुरुस्त करते. बहुसंख्य घरगुती संगणकांत ही सोय नसते. त्यामुळे तेथील सावधगिरी आपणच बाळगावयास हवी.

मूळ वेगावर असलेला संगणकही अस्थिर होऊ शकतो, हे येथे नमूद करावेसे वाटते. इंटेलने २०२४ मध्ये आपल्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजमुळे अस्थैर्य येत असल्याचे मान्य केले. त्यासाठी बायोसच्या नव्या आवृत्तीद्वारे सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. ही सुधारणा पुढील हानी टाळते. झालेली हानी भरून काढत नाही. आपला संगणक या पिढ्यांतील असल्यास मदरबोर्डच्या उत्पादकाकडून नवीन बायोस अवश्य घ्यावा.

दुरुस्तीनंतरची कामे

यंत्र स्थिर झाले म्हणजे काम संपले असे नाही. अस्थिर काळात जे लिहिले गेले ते संशयास्पद समजावे. प्रथम डिस्कची तपासणी करावी, विंडोजमधील ‘सिस्टिम फाइल चेकर’ चालवून प्रणालीच्या फाइली दुरुस्त कराव्यात आणि मग त्या काळातील महत्त्वाच्या फाइली एकेक उघडून मूळ कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात. यापुढे प्रती घेताना निदान तीन ठेवाव्यात. त्या दोन निराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. प्रत घेतली की ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न वटलेला धनादेश.

नेटबँकिंग करणाऱ्या ग्राहकांसाठी एक सूचना. व्यवहार चालू असताना संगणक बंद पडला, तर घाईने तीच रक्कम पुन्हा पाठवू नये. व्यवहाराची नोंद आपल्या संगणकावर नव्हे, तर बँकेच्या सर्व्हरवर होते. प्रथम मोबाइलवरून किंवा शाखेतून खातेउतारा पाहावा, रक्कम गेली किंवा नाही याची खात्री करावी आणि मगच पुढील पाऊल उचलावे.

शेवटी

आमच्या हिशेबाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. एका जुन्या पेन ड्राइव्हवर ३१ डिसेंबरची, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगपूर्वीची प्रत सापडली. ती व्यवस्थित उघडली. पुढील तीन महिन्यांच्या नोंदी मी पावतीपुस्तकातील स्थळप्रती, व्हाउचर आणि बँकेचा खातेउतारा समोर ठेवून दोन रात्रींत पुन्हा भरल्या. दुसऱ्या रात्री पहाटे अडीचच्या सुमारास ३१ मार्चची शिल्लक बँकेच्या शिलकेशी रुपया-पैशाने जुळली. रविवारी सभेत घडला प्रकार मी लपविला नाही. फाइल कशी गेली आणि पुन्हा कशी उभी केली, ते सांगून मूळ कागद सर्वांसमोर ठेवले. हिशेब मंजूर झाला.

वेग हवासा वाटणे गैर नाही. भाच्याने प्रोसेसरचा वाढविलेला वेग मी सौम्य करून ठेवला आहे, मेमरी मात्र मूळ वेगावरच आहे. खेळ थोडे हळू चालतात अशी त्याची तक्रार असते. परंतु ज्या यंत्रावर चार लोकांच्या पैशांचा हिशेब आहे, त्याच्याकडून पहिली अपेक्षा वेगाची नसून अचूकतेची असते. कागदावरचा हिशेब हाताशी होता म्हणून माझी लाज राखली गेली. वाचकांनी आपल्या प्रती आजच उघडून पाहाव्यात, एवढीच विनंती.