तीनचाकी रिक्षातील प्रवाशांना होणाऱ्या इजा : हंगामात घ्यावयाची काळजी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खत यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा, पण उसाच्या रस्त्यावरचाच आहे.

गेल्या हंगामात रात्री आठच्या सुमारास आम्ही प्लॉट पाहून परतत होतो. वळणाच्या अलीकडे पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. बाजार करून येणारी रिक्षा मागून तिच्यावर आदळली. आत सात माणसे! कडेला बसलेल्या एका बाईंचा हात मोडला. आम्ही धावलो आणि घाईत त्यांना त्याच हाताला धरून बाहेर ओढले. डॉक्टरांनी नंतर आमची चांगलीच कानउघाडणी केली. ट्रॉली आपल्याच सभासदाची होती, हेही सांगितले पाहिजे. म्हणून हा लेख.

रिक्षा का कलंडते?

तिपायी स्टुलाच्या दोन पायांमधल्या कडेवर भार दिला, की ते कलते. रिक्षाचेही तसेच. मागे दोन चाके, पुढे एकच. वेगात वळताना जोराचा ब्रेक मारला, की भार पुढे आणि बाहेरच्या अंगाला जातो; नेमके तेथेच चाक नसते. त्यात ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसे बसवली, टपावर गाठोडी टाकली, की कलंडायची तयारी आपणच केली म्हणायची. साध्या रिक्षाला ड्रायव्हर सोडून तीनच प्रवाशांची परवानगी असते, ती उगाच नव्हे.

इजा कोठे होतात?

१) डोके व तोंड : ड्रायव्हरच्या पाठीमागे लोखंडी दांडी असते. धडकेत मागचा प्रवासी तिच्यावर आपटतो. दात, जबडा, कपाळ यांना मार बसतो.

२) हात-पाय : बाजू उघडी असल्याने बाहेर काढलेले कोपर किंवा पाय समोरच्या वाहनात किंवा कलंडलेल्या रिक्षाखाली सापडतो.

३) बाहेर फेकले जाणे : हे सर्वांत वाईट. डोक्याला, मानेला मार बसतो, वर रिक्षा अंगावर येण्याची भीती. मांडीवरचे मूल तर हातात राहतच नाही.

प्रवाशांनी काय करावे?

चौथे माणूस होऊ नये. दुसऱ्या खेपेची वाट पाहावी. मुलांना मध्ये बसवावे. ड्रायव्हरशेजारी बसू नये. हात-पाय आत ठेवावेत.

ट्रॉली व गाडीमालकांनी काय करावे?

मागे लाल रिफ्लेक्टर व चालू दिवा ठेवावा. बैलगाडीलाही रिफ्लेक्टर लावावा. मागे बाहेर आलेले ऊस कापून टाकावेत. ते रिक्षातल्या माणसाच्या थेट तोंडावर येतात. बंद पडलेली ट्रॉली शक्य तितकी रस्त्याखाली घ्यावी, आणि मागून येणाऱ्याला लांबूनच दिसेल अशा अंतरावर बॅटरी घेऊन माणूस उभा करावा. नुसते दगड लावून निघून जाऊ नये. निघताना ते दगडही उचलावेत.

अपघात झालाच तर?

आधी मागची वाहने थांबवावीत, रिक्षाचे इंजिन बंद करावे. जवळपास विडी-काडी पेटवू नये. १०८ वर फोन करावा. आग किंवा दुसरा धोका नसेल तर जखमीला ओढू नये. हलवावेच लागले तर डोके, मान व पाठ एका रेषेत धरून तिघा-चौघांनी उचलावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडका जखमेवर घट्ट दाबून धरावा. मोडलेला हात सरळ करू नये. आहे तसाच, फळीचा किंवा उसाच्या सरळ कांड्याचा आधार देऊन फडक्याने बांधावा. पाणी किंवा चहा पाजू नये. पहिला तास मोलाचा असतो.

पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून पुष्कळजण मागे राहतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यामुळे संरक्षण आहे. त्याच्यावर आपले नाव सांगण्याची सक्तीही नाही. तसेच २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे.

उसाला एक पाणी कमी पडले तर पुढच्या वर्षी भरून काढता येते. माणसाचे तसे नाही. ट्रॉली गेटाबाहेर पडण्यापूर्वी मागे जाऊन एकदा दिवा पाहावा, एवढीच विनंती. कळावे.

— ऊस विकास अधिकारी