सोबतीचे बळ : विवाहस्थिती आणि यकृताचा कर्करोग

दवाखान्यात रुग्णाचे नाव नोंदविताना कारकून वय, गाव आणि व्यवसाय विचारतो. त्याच ओघात 'लग्न झाले आहे का?' असेही विचारले जाते. उत्तर एका शब्दाचे असते : विवाहित, अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित. केसपेपरवरील या एका शब्दाचा रुग्ण किती दिवस जगेल याच्याशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु असा संबंध आढळतो, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. प्रस्तुत लेखात यकृताच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊन या संबंधाचा विचार करावयाचा आहे. विषय वरवर वैद्यकाचा वाटतो. पण त्याची मुळे विवाह आणि कुटुंब या संस्थांत आहेत, म्हणून तो समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचाही आहे.

पूर्वपीठिका

इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८५८ मध्ये फ्रान्समधील मृत्यूंची आकडेवारी तपासली. विवाहित, अविवाहित आणि वैधव्य आलेले असे लोकांचे तीन वर्ग त्यांनी केले. विवाहितांत मृत्यूचे प्रमाण सामान्यतः कमी, आणि जोडीदार गमावलेल्यांत ते जास्त, असे त्यांना दिसले. मात्र वीस वर्षांच्या आत लग्न झालेल्यांची स्थिती वाईट होती, हेही त्यांनी नोंदविले. पुढे १८९७ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात हाच धागा उचलला. व्यक्ती कुटुंबाशी जितकी घट्ट बांधलेली, तितकी ती सुरक्षित, असा त्यांचा सिद्धान्त. पण विवाहाचे संरक्षण पुरुषाला अधिक आणि स्त्रीला कमी मिळते, हेही त्यांच्या आकड्यांतून पुढे आले. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

अलीकडील अभ्यास

कर्करोगाच्या बाबतीत १९८७ मध्ये जेम्स गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील रुग्णांचा अभ्यास केला. अविवाहितांचा रोग उशिरा सापडतो, त्यांना पुरेसे उपचार मिळत नाहीत, आणि हे दोन्ही फरक वजा केले तरी ते कमी जगतात, असे तिहेरी निष्कर्ष त्यांनी काढले. २०१३ मध्ये एझर व सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या कर्करोग नोंदवहीतील ७,३४,८८९ रुग्णांची माहिती तपासली. दहा प्रकारच्या कर्करोगांत यकृताचाही समावेश होता. सर्व प्रकार एकत्र धरता विवाहितांत मृत्यूचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी होता, आणि हा लाभ स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक होता. त्यानंतर केवळ यकृताच्या कर्करोगावर झालेल्या अभ्यासांतही विवाहित रुग्ण अधिक काळ जगतात असे आढळले. विधवा व विधुर यांची स्थिती सर्वांत नाजूक दिसली.

यकृताचाच रोग का घ्यावा?

हा रोग फार काळ मुकाट्याने वाढतो. कावीळ 'ब' आणि 'क' यांचे विषाणू, दीर्घकाळचे मद्यपान, यकृतात साठणारी चरबी, तसेच बुरशी आलेल्या भुईमुगातील व मक्यातील अफ्लाटॉक्सिन नावाचे विष ही त्याची प्रमुख कारणे. यकृत एकदा आक्रसू लागले की दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रिया, गाठ जाळणे किंवा यकृत-प्रत्यारोपण हे मार्ग मोकळे असतात. उशीर झाला की ते एकेक करून बंद होतात.

आता विचार करा : भूक मंदावली, वजन उतरले, डोळे पिवळे दिसू लागले, हे प्रथम कोणाच्या ध्यानात येते? ताट वाढणाऱ्याच्या. 'माळ घालून कावीळ उतरेल' म्हणणाऱ्याला 'आधी रक्त तपासू' असे कोण सांगते? दारूचा पेला कोण बाजूला सारते? तपासणीची तारीख कोण ध्यानात ठेवते? घरात हे करणारे माणूस असेल तर रोग लवकर सापडतो आणि उपचार अर्धवट सुटत नाहीत. औषधाइतकेच हेही उपचारच होत.

कारण की केवळ सहसंबंध?

येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. प्रकृतीने धडधाकट आणि खाऊनपिऊन सुखी माणसाचे लग्न जमण्याची शक्यता मुळातच अधिक असते. व्यसनी किंवा सतत आजारी माणूस मागे पडतो. विधवा व विधुर बहुधा वयाने मोठे असतात. वयाचा फरक हिशेबात धरता येतो, पण उत्पन्न, व्यसन आणि स्वभाव या बाबी नोंदवहीत पूर्ण उतरत नाहीत. शिवाय नोंद होते ती रोग सापडला त्या दिवशीच्या स्थितीची. संसार सुखाचा होता की धुसफुशीचा, हे त्या एका शब्दात मावत नाही. तेव्हा 'लग्न करा म्हणजे कर्करोगात तराल' असा अर्थ काढणे हास्यास्पद होईल. संरक्षण मिळते ते सोबतीमुळे. विवाह ही सोबत मिळण्याची एक रूढ वाट आहे, इतकेच म्हणता येते.

आपल्याकडे पाहताना

अमेरिकेत अविवाहित म्हणजे अनेकदा एकटा राहणारा. आपल्याकडे तसे नाही. विधवा आजीला नातू मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेतो; उलट, लग्न झालेला माणूस ऊसतोडीला गेलेल्या घरच्यांवाचून गावात एकटाच पडून असतो. म्हणून आपल्या अभ्यासात 'विवाहित आहे काय?' याबरोबर 'सोबत कोण आले आहे?' हाही प्रश्न हवा.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा मुख्यतः खेड्यांचा. सेनगाव किंवा कळमनुरीकडच्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांचा भार हलका होतो खरा. परंतु रुग्णाशेजारी बसणारे, रांगेत उभे राहणारे आणि बुडालेली मजुरी सोसणारे माणूस कोणतीही योजना देत नाही.

सोबतीची जागा समाज काही अंशी भरून काढू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. नोंदणी करणारे कार्यकर्ते गावोगाव जाऊन रोगाची लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्या. 'बाई, एकदा दाखवून ये' असे म्हणणारे कोणीतरी भेटले, याचा हा परिणाम.

स्त्रीच्या वाट्याला काय?

दुर्खीम यांनी दाखविलेली विषमता आपल्याकडे अधिक ठळक दिसते. १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्याने पती-पत्नी एकमेकांना अवयव देऊ शकतात. परंतु १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या प्रत्यारोपणांत दर पाच लाभार्थींपैकी सुमारे चार पुरुष होते. नवऱ्यासाठी यकृताचा तुकडा देणारी पत्नी सहज आठवते. पत्नीसाठी देणारा नवरा शोधावा लागतो. विधवेची अवस्था तर आणखी बिकट. शुभकार्यात जिला पुढे येऊ दिले जात नाही, ती आपले दुखणे पुढे होऊन कसे सांगणार? कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनानेही त्याच महिन्यात इतर गावांना तो आदर्श घालून दिला. बांगड्या आणि कुंकू यांचा तो ठराव आरोग्याचाही ठराव होता, असे या अभ्यासांच्या प्रकाशात म्हणावेसे वाटते.

समारोप

विद्यार्थिमित्रांनो, या विषयासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सुटीत आपापल्या गावी गेल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, विधवांची आणि अविवाहितांची यादी करा. आजारी पडल्यास त्यांना दवाखान्यात कोण नेईल, एवढेच विचारा. ज्या नावापुढची जागा कोरी राहील, तेथे आपल्या अभ्यासाचा विषय आहे आणि कदाचित आपले कामही. विवाहस्थिती बदलणे आपल्या हाती नाही. पण त्या कोऱ्या जागेत आपले नाव लिहिणे मात्र आपल्या हाती आहे.